लाजरा मॉनिटर

“हा आमसुली?” कुलथेबाईंनी रेशमाची लडी चिमटीत धरून डोक्याच्या वर नेली. “अहो बाळूशेठ, हा रंग नेसून माझी मुलगी बोहल्यावर उभी राहिली तर भटजी आधी गॉगल मागतील आणि मग मंगलाष्टका म्हणतील!”

कुलथेबाई कोपरगावच्या एका शाळेत मुख्याध्यापिका होत्या. त्यांचा आवाज कारखानाभर घुमला आणि आमचे सातही हातमाग एकदम थांबले. लडी खरोखरच भयंकर होती. वाळलेल्या आमसुलाचा जो गडद, शांत रंग असतो, त्याच्या जागी जत्रेतल्या सरबतासारखं काहीतरी गुलाबी लोंबत होतं.

“काँप्युटरचा घोटाळा आहे, बाई,” त्र्यंबककाका म्हणाले. “पडदा मंद होतो. मंद पडद्यावर रंग निवडला की रेशीम भडक येतं.”

“मग पडदा तरी बदला, नाहीतर माणूस. लग्न दिवाळीनंतर आहे. इतकी भरलेली पैठणी विणायला पाच महिने लागतात असं तुम्हीच सांगितलंत. म्हणजे एकदाच चुकायला वेळ होता, तो संपला.”

बाई गेल्या. बाळूशेठ काकांकडे न बघता माझ्याकडे बघत राहिले. खोटं कशाला बोलू, मला ते बघणं आवडलं.

मी तेव्हा तेवीस वर्षांची होते. येवल्यात बाळूशेठ पेटकरांच्या पैठणीच्या कारखान्यात डिझाइनच्या कामाला लागून मला वर्ष झालं होतं. काँप्युटरचा कोर्स मी केलेला, प्रोग्रॅम मला येत होता, पण खुर्चीवर बसायचे त्र्यंबककाका आणि मी शेजारच्या स्टुलावर. कारण रंग ठरवण्याचा मान काकांचा. अडतीस वर्षं त्यांनी नुसत्या डोळ्यांनी रंग जुळवले होते. मोरपंखी, चिंतामणी, डाळिंबी, लिंबोळी; कुठल्या काठाला कुठली बुट्टी उठून दिसेल ते काका सांगणार आणि रंगारी मुकाट्याने ऐकणार. काँप्युटर आल्यावर पद्धत बदलली. पैठणी आधी पडद्यावर रंगवून बघायची, पसंत पडली की रंगांचे नंबर कागदावर उतरवायचे, तो कागद रंगाऱ्याकडे. साठी उलटलेला माणूस मशीनला नाकं मुरडणार असं सगळ्यांना वाटलं होतं. पण काका पहिल्या दिवसापासून खुशीने खुर्चीवर जाऊन बसले. मला तर ते जरा जास्तच खूश वाटले होते.

मॉनिटर जुना होता. मुंबईतली एक जाहिरात कंपनी बंद पडली, तिच्या सामानातून बाळूशेठनी तो उचलला. रंग मात्र असे दाखवायचा की बघत राहावं. गोम एवढीच की त्याच्या सेटिंगची यादी कुठल्या तरी परदेशी लिपीत उघडायची. नुसती घरं, झोपड्या आणि शिड्या काढल्यासारखी अक्षरं. बटण दाबलं की आम्ही घाबरून परत बंद करायचो.

तो दीड महिन्यापासून मंद पडायला लागला होता. सकाळी चालू केला की लख्ख आणि काम सुरू होतं न होतं तोच हळूहळू विझत जायचा. अगदी बंद नाही पडायचा. संध्याकाळी दिवे लागायच्या आधी घरात असतो तेवढाच उजेड त्यात उरायचा.

नाशिकहून इंजिनिअर आला. वाघचौरे त्याचं नाव. आल्या आल्या त्याने मॉनिटर बंद केला, बॅगेतून फवारा काढला आणि काच, चौकट, पाठ सगळं चकाचक पुसलं. मग चालू केला. लख्ख!

“काय झालंय याला? चांगला तर आहे,” तो म्हणाला.

“तुम्ही यायच्या आधी मंद होता हो!” मी म्हटलं.

त्याने वीज वाचवायची सेटिंग बंद केली, स्क्रीनसेव्हर काढला, केबल बदलली, कसला तरी ड्रायव्हर नव्याने टाकला. संध्याकाळपर्यंत पडदा दिवाळीसारखा उजळलेला. दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा मंद. आठवड्याने वाघचौरे परत आला, परत पुसला, परत लख्ख. तिसऱ्यांदा फोनवरच म्हणाला, “ताई, तुमचा मॉनिटर लाजरा आहे. परक्या माणसासमोर नीट वागतो. घरच्यांसमोर काय करतो ते मी नाशिकहून कसं सांगू?”

मग घरचे उपाय सुरू झाले. स्टॅबिलायझर आणला. खिडकीला पडदा लावला, मग काढला. बाळूशेठच्या मेहुण्याने सांगितलं म्हणून टेबल पूर्वेला फिरवलं, तर माझं स्टूल दाराच्या बाहेर गेलं आणि मी दोन दिवस व्हरांड्यात बसून मान आत घालून काम केलं.

याच सुमारास काका एक दिवस कामावर आले नाहीत. कोणाच्या तरी लग्नाच्या सुपारीला जायचं आहे म्हणाले होते. खुर्चीवर मी बसले. आणि त्या दिवशी, सकाळपासून सहा वाजेपर्यंत, पडदा एकदाही मंद झाला नाही.

हे जिजीच्या नजरेतून सुटलं नाही. जिजी म्हणजे बाळूशेठची आई. कारखान्यात पान हललं तरी तिला कळायचं. दुसऱ्या दिवशी काका आले, पडदा विझला आणि जिजीने निकाल दिला. “दृष्ट आहे. दुसरं काही नाही.”

“कोणाची?” बाळूशेठनी विचारलं.

जिजीने काकांकडे पाहिलं. “वाईट वाटून घेऊ नको, त्र्यंबक. तू मनाचा चांगला आहेस. काहींचे डोळेच तसे असतात.”

काका हसले. पण त्यांची मान जी खाली गेली ती वर आली नाही. अडतीस वर्षं ज्या डोळ्यांनी कारखाना वर आणला, त्या डोळ्यांना हे ऐकावं लागलं. मला चीड आली. पण चीड आली तरी मी गप्प बसले, हेही खरं.

जिजीने मीठ, मोहऱ्या आणि सात लाल मिरच्या मॉनिटरवरून उतरवल्या आणि तिथेच शेगडीत टाकल्या. दृष्ट लागलेली असली की मिरच्यांचा ठसका येत नाही, हे जिजीचंच शास्त्र. इथे तर असा ठसका उठला की सातही विणकर गल्लीत पळाले. काँप्युटरच्या पंख्याने तो धूर आत ओढून घेतला, घर्र घर्र केलं आणि तोही तासभर बंद पडला.

“म्हणजे दृष्ट नाहीच, जिजी,” मी डोळे पुसत म्हटलं.

“नाही कशी? फार मोठी आहे,” जिजी खोकत म्हणाली. “म्हणून तर उलटली.”

त्याच दुपारी बाळूशेठनी काकांना बोलावलं. मी तिथेच होते. “काका, कुलथेबाईंचा रंग या खेपेला बरोबर आला तर ठीक. नाहीतर तुम्ही घरी आराम करा. मला वाईट वाटतं, पण खुर्चीवर ही हेमा बसेल.”

“बरं,” काका म्हणाले.

मला झोप लागली नाही म्हणायला हवं, पण तसं काही नाही, छान लागली. ती खुर्ची मला हवी होती. फक्त काकांना घालवून नको होती. पडदा का विझतो ते शोधून काढायचं, सगळ्यांसमोर दाखवायचं, म्हणजे काकांचं नाव राहील आणि माझं नाव होईल, असा माझा बेत होता. म्हणून दुसऱ्या दिवशी सकाळी सातलाच मी कारखान्यात गेले.

काका माझ्याही आधी आले होते. मी दारातच थांबले.

आमच्याकडे रिवाज असा, की सकाळी विणकराने आधी आपल्या मागाला हळदकुंकू लावायचं, हात जोडायचे आणि मगच बसायचं. ज्याचा माग त्यानेच पुजायचा, दुसऱ्याने बोट लावलं तर भांडणं होतात. संध्याकाळी सगळं पुसून माग झाकून ठेवायचा. काँप्युटर आला तेव्हा जिजीने जाहीर केलं होतं, की हाही मागच. तो काकांचा माग, म्हणून काकांनी पुजायचा. हे मी वर्षभर रोज बघत होते आणि रोज बघितलेलं कोण नीट बघतं?

काकांनी मॉनिटर चालू केला. लख्ख. करंड्यातून कुंकू घेतलं आणि चौकटीच्या वरच्या पट्टीवर, बरोबर मधोमध, माणसाचं कपाळ असतं तिथे, ठसठशीत टिळा लावला. हात जोडले. आणि पडदा हळूहळू विझायला लागला.

मी धावत आत गेले. ओढणीच्या टोकाने कुंकू पुसलं. खाली तुरीच्या डाळीएवढी एक काळी काच होती. पडदा उजळला. काचेवर अंगठा ठेवला, विझला. काढला, उजळला.

“काका! सापडलं! अहो, हा त्याचा डोळा आहे! खोलीत उजेड किती ते हा बघतो आणि त्याप्रमाणे पडदा कमीजास्त करतो. कुंकवाने डोळा झाकला की त्याला वाटतं अंधार झाला! थांबा, मी शेठना—”

“हळू बोल, पोरी.”

“अहो, पण सापडलं ना!”

“मला दीड महिन्यापूर्वीच सापडलंय,” काका म्हणाले. “आधी टिळा जरा खाली लागायचा. एक दिवस वर लागला आणि दिवा विझला. तेव्हापासून मी तो वरच लावतो.”

मला काही कळेना. काकांनी कपाटातून दोन लड्या काढून माझ्यापुढे धरल्या. “यातली आमसुली कुठली, सांग.”

“उजव्या हातातली.”

“आणि डावीकडची?”

“जांभळी.”

“मला दोन्ही सारख्या दिसतात,” काका म्हणाले. “परवा सुपारी नव्हती. डोळ्यांच्या डॉक्टरकडे गेलो होतो. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. तो आज नाही आला, दोन वर्षं झाली असतील. काँप्युटर आला तेव्हा मला हायसं वाटलं बघ, म्हटलं नंबर लिहायचे, नंबर काही फसवत नाहीत. पण लख्ख पडद्यावर तू म्हणायचीस हा हिरवा, हा पोपटी, आणि मला सगळं एकच. मग दिवा विझला. दिवा विझला की कोणालाच नीट दिसत नाही. सगळे म्हणतात मशीन बिघडलं. मशीन बिघडलं तर चालतं गं. त्र्यंबक बिघडला असं नको होतं मला.”

“ऑपरेशन करून टाका ना! हल्ली अर्ध्या तासाचं काम असतं.”

“करेन. पण ते म्हणतात, ऑपरेशननंतर सगळे रंग वेगळे दिसतात. म्हणजे दोन वर्षं मी जे दिलं ते काय दिलं, ते दिसेल मला. त्याची भीती वाटते.”

बाहेर पहिला विणकर येऊन चपला काढत होता. मला आधी राग आला, मग रडू आलं आणि मग हसू यायला लागलं. टेबल पूर्वेला फिरवलं, मिरच्या जाळल्या, मी व्हरांड्यात बसले, आणि हा म्हातारा रोज सकाळी देवाचं नाव घेऊन मशीनचे डोळे झाकत होता!

“काका,” मी म्हटलं, “लावा कुंकू.”

“काय?”

“लावा लवकर. वरच लावा. आणि उद्या सातला या.”

दुसऱ्या दिवशी सात ते आठ, दाराला कडी लावून, उघड्या पडद्यावर कुलथेबाईंची पैठणी मी रंगवली. काका शेजारी बसून सांगत होते. दिसत नव्हतं त्यांना, पण माहीत सगळं होतं. “आमसुलात काळा घालू नको, मेल्यासारखा होतो. तांबडा घाल, अगदी थेंबभर. आता कसा दिसतो? पावसात भिजलेल्या विटेसारखा? मग जास्त झाला. कमी कर.” असं करत करत आम्ही नंबर काढला. कागदावर तो काकांनी स्वतःच्या हाताने लिहिला. आठ वाजता त्यांनी कुंकू लावलं, पडदा विझला आणि मी कडी काढली.

बारा दिवसांनी रेशीम रंगून आलं. कुलथेबाई आल्या, लडी उन्हात नेली, मग सावलीत नेली, मग स्वतःच्या मनगटावर ठेवून बघितली. “हा,” त्या म्हणाल्या. “हाच. माझ्या आईच्या पैठणीचा अगदी हाच होता.” एवढ्या कडक बाई, पण त्यांनी पदर डोळ्यांना लावला.

बाळूशेठनी काकांचे हात धरले. काका म्हणाले, “शेठ, आता मला मोकळं करा. रंग जमला, आता जाण्यात मजा आहे.”

शाल आणि श्रीफळ दिलं, विणकर पाया पडले. जाताना काकांनी करंडा माझ्या हातात ठेवला आणि हळूच म्हणाले, “माग तुझा झाला. उद्यापासून टिळा खाली मॉनिटरच्या पायाला लाव. तुझे डोळे चांगले आहेत, खराब करून घेऊ नको.”

मीही तेच ठरवलं होतं. पण दुसऱ्या दिवशी सकाळी बघते तर खोलीत ही गर्दी! जिजी पाट टाकून अगदी समोर बसलेली, मागे बाळूशेठ, त्यांच्यामागे विणकर माना उंच करून उभे.

“काय झालं, जिजी?”

“काही नाही. तू कर तुझी पूजा. आता त्र्यंबक गेला, आता बघ कसा लख्ख राहतो ते. मी म्हटलं नव्हतं, त्याच्याच डोळ्यांची दृष्ट म्हणून?”

मी मॉनिटर चालू केला. बोटावर कुंकू घेतलं. खुर्ची मिळाली होती, पडदा लख्ख होता आणि सगळं येवलं आता म्हणणार होतं, की त्र्यंबकच्या वाईट डोळ्यांपायी पेटकरांचं रेशीम नासलं. अडतीस वर्षांचं हे बक्षीस! माझं बोट अधांतरी थांबलं. खाली न्यायचं ते वर गेलं. कपाळावर, मधोमध, चांगला दाबून लावला टिळा.

पडदा विझला.

“अगं बाई!” जिजी म्हणाली. ती गुडघ्यावर हात ठेवून उठली. “मग त्र्यंबकचं नव्हतं हो काही. उगाच बोलले मी त्याला.”

पुढचे पाच महिने मी त्या अंधुक पडद्यापुढे काढले. एक दिवस जरी टिळा खाली लावला असता तरी जिजी म्हणाली असती, बघा, त्र्यंबकची दृष्ट उतरली. रंगांचं खरं काम सकाळी सात ते आठ, कडी लावून. बाकी दिवसभर मी गिऱ्हाइकांना सांगायचे, “इथं दिसतं त्याहून जरा उजळ समजा हं.” वाघचौरेचा फोन आला की म्हणायचे, “लाजतो अजून.” संध्याकाळी डोकं असं दुखायचं की आई म्हणायची, सोड ती नोकरी. श्रावणात मला चष्मा लागला.

दसऱ्याला कुलथेबाईंची पैठणी मागावरून उतरली. पूजेला सगळे जमले होते. झेंडूच्या माळा, सात मागांवर सात नारळ, आठवा काँप्युटरवर. तेवढ्यात दारात काळा चष्मा लावून त्र्यंबककाका उभे. दोन्ही डोळ्यांचं ऑपरेशन करून आले होते, कोणाला न सांगता.

सगळ्यांना भेटून ते माझ्या खोलीत आले. काळा चष्मा कपाळावर चढवला. विझलेला पडदा पाहिला, टिळा पाहिला, माझा चष्मा पाहिला.

“अजून?” ते हळूच म्हणाले.

“सगळं तुमच्यावर आलं असतं, काका,” मी म्हटलं.

काकांनी खिशातून रुमाल काढला. “काय ही धूळ,” असं मोठ्याने म्हणत त्यांनी चौकटीची वरची पट्टी पुसली, अगदी सावकाश, या टोकापासून त्या टोकापर्यंत.

पडदा लख्ख झाला. आरतीचं ताट घेऊन दारात उभी असलेली जिजी जागच्या जागी थबकली. “अरे बाळू! इकडे या सगळे! त्र्यंबकने नुसता हात फिरवला, नुसता हात! अरे, याच्या हाताला गुण आहे!”

सगळे धावत आले. काका ओशाळून उभे होते आणि विणकर त्यांच्या हाताकडे बघत होते. बाळूशेठनी विचारलं, “पुन्हा विझणार नाही ना?”

“नाही विझायचा,” मी म्हटलं. “काकांनी हात लावलाय.”

मग कुलथेबाईंची पैठणी मी काकांच्या हातात दिली. त्यांनी पदर खिडकीशी नेऊन उलगडला. बोटाने काठ चाचपला. हा रंग त्यांनी स्वतः सांगितला होता, लिहिला होता, पण पाहिला नव्हता.

“हा आमसुली?” ते म्हणाले.

“हो, काका.”

“असाच होता गं डोक्यात,” काका म्हणाले. “अगदी असाच.” त्यांच्या नव्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं आणि मी घाबरून पैठणी बाजूला घेतली, डाग पडेल म्हणून.

“त्र्यंबक,” जिजी मागून म्हणाली, “जाण्यापूर्वी जरा आमच्या फ्रिजवरून पण हात फिरव बाबा. महिना झाला, पाणीच गार होत नाही.”

काकांनी माझ्याकडे पाहिलं, डोळे पुसले आणि तोच रुमाल घेऊन ते मुकाट्याने स्वयंपाकघरात गेले.